शैलाच्या भाषणातली पेमा

१६ नोव्हें.
रविवारी न्हाऊन आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या मागच्या पायरीवर केस वाळवत बसायचो. तिची वेणी मी घालायची, माझी ती. आज तीच शैला हात जोडून दारात! नगराध्यक्षपदाला उभी आहे. स्वेटर विकणारी पेमा सकाळीच माझ्याकडे उतरलेली, दर हिवाळ्यासारखी पुढच्या खोलीत स्वेटरचे गठ्ठे. शैला चहा पीत ते गठ्ठे बघत राहिली. म्हणाली, असे तिबेटी अजून येऊ देत, निर्वासितांना दिग्रसमध्ये पक्की जागा देऊ.
मागच्या वर्षी या तिबेट्यांचं विक्रीचं मैदान बंद करा म्हणून कापड दुकानदार नगरपरिषदेवर मोर्चा घेऊन गेले होते, तेव्हा तिचे यजमान सर्वांत पुढे. आणि ही त्यांच्यामागे.
मग आता काय झालं?

१९ नोव्हें.
काल चौकातल्या सभेला गेले. छान बोलली. ज्यांचं घर हिसकावलं त्यांना आपण या म्हणायचं, असं. टाळ्या. मागून कोणीतरी, "मंग आमचं घरकुल कुठी गेलं?" लोक हसले. मग तिने पेमाचं नाव घेतलं, माझ्या घराचंही. मला न विचारता.
आज शेजारचे बंडूभाऊ कुंपणावरून, "वहिनी, आता घरपट्टी पेमाबाईच्या नावानं येईन का?" हसले मी. दुपारी मात्र मैदानावर दोन पोरं पेमाला कागदपत्रं विचारून गेली. इतक्या हिवाळ्यांत कोणी विचारलं नव्हतं. विरोधकांची पोरं? की शैलाच्याच यजमानांची... नको. पण मनात आलं खरं.

२२ नोव्हें.
शैलाचा फोन. शेवटच्या सभेत पेमाला स्टेजवर आण, शाल द्यायची आहे. मागच्या वर्षीचं विचारलंच मी.
"तेव्हा दुकान यांचं होतं, बोलनंही यांचंच. आता उभी मी आहो. तुले खरं वाटून नाही राह्यलं ना?"
पूर्वी आवाजावरून कळायचं ती खरं बोलते की नाही. आज नाही कळलं.
पेमाला सांगितलं. ती घड्या घालता घालता म्हणाली, "ताई, स्टेजवर नको. आधी मी स्वेटरवाली होती. आता लोक मले पाहून राह्यले."
शैलाला कळवलं. बरं म्हणाली. फार पटकन म्हणाली.

२७ नोव्हें.
उद्या यवतमाळ, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मतदानाआधी परत येईन. मत कोणाला, ते अजून...
संध्याकाळी पेमाने एक मरून स्वेटर पुढे केला, चांगल्या लोकरीचा. शैलाताईंसाठी. मी बघतच राहिले. ती पोरं पुन्हा येऊन गेली होती, तरी? म्हणाली, "माइकवर 'या' म्हननारं कोनी भेटलं नोतं, ताई."
मी स्वेटर घेतला.
कामाला येणाऱ्या नंदाला सकाळी सांगायचं: पुढच्या खोलीची किल्ली पेमाच्याच हातात. दुसऱ्या कोणाला नाही, शैलालाही नाही. कोणी चौकशीला आलं तर बंडूभाऊंना हाक मार. प्रचारवाले आले तर ओसरीवर चहा, शाल आणली तर परत. डब्यातले लाडू पेमाला, तिला आवडतात.
स्वेटर माझ्या कपाटात आहे. तो शैलाला. जिंकली तरी, हरली तरी. पण निकाल लागल्यावर, भाषणात यायला नको. त्याआधी ती स्वतः आली तरी नाही.