अंगठ्याची दोरी

उस्मानाबाद,
११ डिसेंबर १९६३

चि. हसीनाबीस अनेक आशीर्वाद.

छत्री पोचली. कंडक्टर लालमहंमद घरी आणून देऊन गेला. वाकलेली काडी तू सरळ करून घेतलीस, त्याची गरज नव्हती. इथं थंडी बरीच आहे. माझी दुखरी दाढ काढली, आता त्रास नाही. तुझ्या अब्बांचा खोकला कसा आहे ते कळव.

परवा सोनारीला गेले होते. देवळापुढं तुझ्या चौथीतली महानंदा दिसली, कडेवर भाऊ. तपासणीच्या दिवशी एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणणारी तीच. तिनं मला ओळखलं नाही. तपासणीला आलेल्यांच्या तोंडाकडं मुली कुठं बघतात!

"आज शाळा नाही?" मी विचारलं.

"हाय की. पर ह्याला कोण सांभाळंल? आई उसात जाती."

"आधी कोण सांभाळायचं?"

"दोरी! बाईंनी शाळंमागं छपरात झोळ्या बांधल्या हुत्या. दोरी खिडकीतनं आत, आमच्या अंगठ्याला. पाढं म्हनायचं अन् पाय हलवायचा. लईच रडला तर मथुराआजी हुती तितं. त्या साहेबीणबाईनं बंद केलं."

"का म्हणे?"

"काय म्हाईत! लई खाष्ट हाय म्हनं. तिला ल्हानपनी कुनी झोका दिला नसंल."

मी तिच्या भावाला शेंगदाण्याचा लाडू घेऊन दिला आणि गाडीत जाऊन बसले.

हे सगळं वाचून तुला वाटेल, बाईंना आता कळलं. तसं नाही. पत्र इथं संपवलं असतं तर तू तसंच समजली असतीस, म्हणून पुढं लिहिते.

तपासणीच्या दिवशी मला दहा मुलींच्या पायांच्या अंगठ्यांना दोऱ्या दिसल्या. गरिबांच्या पोरी पळून जाऊ नयेत म्हणून तू त्यांना बांधून ठेवतेस, असं मी समजले. "बाई, जरा मागं येऊन बघा," तू दोनदा म्हणालीस. मला परंड्याची गाडी गाठायची होती. "बघितलं तेवढं पुरे," असं म्हणून मी निघाले. छत्री तिथंच राहिली.

तुझा अर्ज माझ्या पिशवीतच होता. शिक्षकांच्या नव्या प्रयोगांना अनुदान द्यायचं तर आधी शाळा बघायची, मग कागद वाचायचा, म्हणजे कागदाची भुरळ पडत नाही. ही माझी जुनी पद्धत, तुला ठाऊक आहे. या वेळी मात्र शेरा आधी लिहिला, समितीकडं धाडला आणि अर्ज दुसऱ्या दिवशी उघडला. त्यात झोळ्या, खिडकी, दोरी, सगळ्याचं चित्र तू काढलं होतंस. मथुराबाईला महिन्याचं काय द्यायचं, तेही लिहिलं होतंस.

म्हणजे महानंदानं मला नवीन काही सांगितलं नाही. तीन आठवडे मला माहीत होतं. तेवढ्यात माझ्या शेऱ्यावरून बंदीचा हुकूम निघाला, झोळ्या सुटल्या, मुली घरी बसल्या. मी गप्प राहिले. कॉलेजात शिकलेली, इतक्या वर्षांची बाई चुकली, असं समितीतल्या चार पुरुषांनी म्हणू नये, एवढंच कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

तू माझ्या वर्गात होतीस तेव्हा तुझी वजाबाकी चुकली की मी तुला फळ्यापुढं उभी करायची आणि सगळ्यांसमोर पुसायला लावायची. तू एकदाही रडली नाहीस.

सोमवारी समिती बसते. मी उभी राहून माझा शेरा वाचणार आणि सगळ्यांसमोर खोडणार. अनुदान मिळेलच, असं सांगवत नाही. शाळेत तान्ही मुलं आणणं काहींना पटत नाही, त्यांच्याशी भांडावं लागेल. हुकूम मात्र माझ्या शेऱ्यावर उभा होता, तो राहणार नाही.

बुधवारी सकाळच्या गाडीनं येते. परतीची गाडी बघणार नाही. महानंदाला बोलावून ठेव. साहेबीणबाई कोण, ते तिला मीच सांगेन.

फळ्यापुढं उभी असलेली,
तुझी बाई,
कृष्णा औसेकर