विचारायला हवं होतं

पेनसिल्व्हेनिया
१३ ऑक्टोबर २०२४

ती. रत्नामावशीस,
सुमेधाचा सा. न. वि. वि.

फोन केला तर तुला ऐकू येत नाही, आणि व्हिडिओ लावला तर तू मला तुझं कपाळ आणि छताचा पंखा दाखवतेस. तेव्हा तुझंच खरं, कागद बरा. अक्षराला हसू नकोस.

मोहनकाका कसे आहेत? ते सकाळी टाय लावून गराजमध्ये जाऊन बसतात हे वाचल्यापासून माझं लक्ष लागत नाही. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण ऑफिसला उशीर व्हायची धास्ती काही सुटली नाही.

इथली बातमी बरी नाही. आमच्या शाळेत घरून येणारी मुलं भरपूर आहेत, पण वसतिगृहाच्या निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत. परदेशातली मुलं व्हिसामुळे येत नाहीत, आणि इथले पालक मुलांना लांब ठेवायला तयार नाहीत. जूननंतर वसतिगृह बंद करावं, असं शाळेची प्रमुख म्हणून मलाच सुचवावं लागणार आहे. मी स्वतः त्याच आवारात राहते गं. संध्याकाळी त्या खिडक्यांतले दिवे बघितल्याशिवाय मला जेवण जात नाही.

ठरवणार मात्र मी नाही. शाळा क्वेकर पंथाची, त्या लोकांची रीत तुला ठाऊकच आहे. मतदान नाही, हात वर करणं नाही. सगळे गप्प बसतात, ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो बोलतो, आणि एकालाही पटलं नसेल तर थांबायचं. मी प्रमुख झाले तेव्हा तुम्ही दोघं आला होतात, आठवतं? तासभर लाकडी बाकावर शांतता, आणि शेवटी एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याशी हात मिळवला की सभा संपली. काकांना ते इतकं आवडलं होतं की पुढे कित्येक महिने लेकाशी, निमिषशी, वाद झाला की मध्येच हात पुढे करून, सभा संपली, असं म्हणायचे.

थँक्सगिव्हिंगला यायचा प्रयत्न करते. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
सुमेधा


डब्लिन, ओहायो
३ नोव्हेंबर २०२४

चि. सुमेधास,
रत्नामावशीचे अनेक आशीर्वाद.

अक्षराला हसले नाही, नुसता चष्मा बदलला. तुझी शाळा मला अजून कळलेली नाही. नववीतलं पोरगं मुख्याध्यापिकेला नुसतं सुमेधा म्हणून हाक मारतं, आणि तू ओ देतेस! आमच्या नागपूरच्या शाळेत बाईंचं पाळण्यातलं नाव आम्हाला त्या वारल्यावर पेपरात वाचून कळलं. आणि मतदान न करता कुठला निर्णय होतो गं? आमच्या मराठी मंडळात हात वर करूनसुद्धा दिवाळीचा मेन्यू ठरत नाही.

काकांचं लिहायचं टाळत होते. परवा ते घरातून निघून गेले. मला दाराचा आवाज आला नाही, हे माझे कान. हायवेच्या पुलाखाली उभे होते, वर बघत. पूल तपासायला आलोय, असं त्यांनी पोलिसाला सांगितलं. जन्मभर तेच काम केलं, त्यामुळे इतकं नीट सांगितलं म्हणे की त्या बिचाऱ्याला आधी खरंच वाटलं. मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

निमिषने जर्सी सिटीहून आणि निधीने कॅरीहून झूमवर मीटिंग घेतली. विसर पडणाऱ्या लोकांसाठी असतात त्यातली एक जागा त्यांनी शोधली आहे, घरापासून जवळ. मार्चनंतर खोली मिळेल. काकांना काही सांगायचं नाही, जेवायला बाहेर जातोय म्हणून न्यायचं, आणि जेवण झालं की आपण हळूच निघायचं. तिथली बाई म्हणाली, सगळे असंच करतात, त्यांना त्रास कमी होतो. मी काही बोलले नाही. मुलांनी ते हो धरलं.

माझ्याच्याने आता त्यांना आवरणं होत नाही, हे खरं आहे. पण जेवायला म्हणून न्यायचं, हे घशाखाली उतरत नाही. तुला लिहिते, कारण त्या दोघांना लिहिलं तर लगेच झूम लावतील.

थंडीचं सांभाळ. तुझ्या घरच्या कुलपाची किल्ली अजून माझ्या पर्समध्ये आहे, तशीच तूही माझ्या मनात.

तुझी,
रत्नामावशी


पेनसिल्व्हेनिया
१५ डिसेंबर २०२४

ती. रत्नामावशीस,
सा. न. वि. वि.

थँक्सगिव्हिंगला आले नाही, रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच.

नोव्हेंबरच्या सभेत मी वसतिगृहाचा विषय मांडला. सगळे आकडे, गळकं छत, रिकाम्या खोल्या, सगळं सांगितलं. मग शांतता झाली. कुणी एक शब्द बोललं नाही. सभेची जुनी सदस्य एडिथ समोरच बसली होती, पंचाऐंशीच्या घरातली, हात मांडीवर ठेवून. तिचं सगळं लहानपण याच वसतिगृहात गेलं, त्यामुळे विरोध झालाच तर तिचा होईल असं मी धरून चालले होते. तीही बोलली नाही. मग हात मिळवले गेले आणि सभा संपली.

मला वाटलं, झालं. आपल्या घरी मोठ्या माणसांसमोर विषय काढला आणि कुणी काही बोललं नाही की ते ठरलंच ना! दुसऱ्या शाळांचे अर्ज भरायची मुदत जवळ आली होती, म्हणून मी त्याच संध्याकाळी वसतिगृहातल्या सगळ्या पालकांना ईमेल पाठवून दिली.

काहीच ठरलं नव्हतं, मावशी. ठराव लिहिलेला नव्हता, वाचलेला नव्हता. ते लोक अजून विचार करत होते. सहा वर्षं या बाकांवर बसून मला त्यांची शांतता कळली नव्हती. सकाळी मुली रडत नाश्त्याला आल्या. एका पालकाने फोनवर माझी यथेच्छ हजेरी घेतली, आणि मी ऐकून घेतली. एडिथला ही बातमी जेवणाच्या रांगेत एका मुलीकडून कळली.

मी सगळ्या शाळेसमोर उभी राहून माफी मागितली. मुलं गप्प बसून होती, आणि या वेळी त्या गप्प बसण्याचा मी कसलाच अर्थ लावला नाही. निर्णय पुढे गेला आहे. आता दर महिन्याला सभा, आणि मला इथून हलता येत नाही.

एडिथ त्या दिवशी माझ्या ऑफिसात आली. समोर बसली, काही न बोलता, आणि निघून गेली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

काकांना माझा नमस्कार सांग. ओळखलं नाही तरी सांग. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, सध्या फार गरज आहे.

तुझी,
सुमेधा


डब्लिन
१२ जानेवारी २०२५

चि. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

चार शब्द हवे होते ना? घे. घाई करायची सवय तुला तुझ्या आईकडून आली आहे. ती दूध उतू जायच्या आधीच गॅस बंद करायची आणि आम्ही कोमट चहा प्यायचो. झालं, संपलं. आता स्वतःला कोसणं बंद कर. तोंड लपवून बसली नाहीस, मुलांसमोर उभी राहिलीस, हे मला पुरे आहे.

ख्रिसमसला निमिष, निधी दोघंही आली होती. काकांनी निमिषला दोनदा विचारलं की तो कुठल्या डिपार्टमेंटमध्ये आहे. निमिष हसत उत्तरं देत राहिला आणि मग गाडीत जाऊन बसला. मी काचेतून बघितलं, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. एवढा मोठा माणूस. त्याच्यावर चिडणं माझ्याच्याने तेव्हापासून होत नाही.

काका माझ्याशी मात्र चांगलं वागतात. फार चांगलं. थँक यू म्हणतात, मी उठले की उठून उभे राहतात. पन्नास वर्षांत हा माणूस मला कधी थँक यू म्हणाला नव्हता, आणि आता म्हणतो तेव्हा माझ्या काळजात चर्र होतं.

खोली एप्रिलच्या सुरुवातीला मिळणार. जेवणाचं नाटक ठरलेलं आहे. निधी म्हणते, आई, प्लीज, लेट्स नॉट मेक इट हार्डर. तिचंही चुकत नाही. ती तिकडे झोपत नाही, इतकं मला कळतं.

त्या एडिथने पुढे काय केलं ते कळव. मला तिची काळजी लागली आहे, माझी काही ओळख नसताना. तीळगूळ टपालात टाकला आहे, चुरा झाला असेल तर चमच्याने खा, आणि भांडू नकोस.

तुझी,
रत्नामावशी


पेनसिल्व्हेनिया
९ मार्च २०२५

ती. रत्नामावशीस,
सा. न. वि. वि.

तीळगूळ चमच्यानेच खाल्ला.

वसतिगृह जूनमध्ये बंद होणार. आज ठरलं, खरोखरचं ठरलं, ठराव लिहून, तिथल्या तिथे वाचून.

एडिथ आज बोलली. काठी टेकत उभी राहिली आणि तिने सांगितलं की तिची आई वारल्यावर वडिलांनी तिला इथं आणलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती. सफरचंदांच्या बागा बघायला जाऊ, असं ते म्हणाले होते. तिने नवा फ्रॉक घातला होता. बागा बघून झाल्या आणि वडील गाडी घेऊन निघून गेले. इथं तिला कुणी छळलं नाही, इथंच ती वाढली, सगळ्या मैत्रिणी इथल्याच. वडिलांना दुसरा इलाज नव्हता, हे तिला पुढे कळलं. ती म्हणाली, त्यांनी विचारलं असतं तर मी रडले असते, नाहीच म्हटलं असतं, आणि तरीही त्यांना मला इथं ठेवावंच लागलं असतं. पण विचारायला हवं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, या वेळी मला विचारलं गेलं. मला हे पटलेलं नाही, पण मी आड येणार नाही.

आणि खाली बसली. मी तोंडावर रुमाल धरून रडले, सगळ्यांसमोर. हात मिळवताना ती मुद्दाम माझ्याकडे चालत आली.

मावशी, हे लिहू की नको, असा विचार करत होते. तुम्ही तिघांनी जे ठरवलं आहे त्यात बोलायचा मला अधिकार नाही, आणि काकांना आंघोळ घालायला मी तिथं नाही. फक्त एडिथ बोलत होती तेव्हा मला काका दिसत होते, जेवायला जायचं म्हणून टाय लावलेले. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी,
सुमेधा


डब्लिन
१३ एप्रिल २०२५

चि. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस तुझं पत्र ड्रॉवरमध्ये उलटं घालून ठेवलं होतं. मग काढून पुन्हा वाचलं आणि मुलांना सांगितलं की जेवणाचं नाटक होणार नाही, आपण काकांना विचारणार आहोत. निमिष म्हणाला, आई, त्यांना प्रश्नच कळणार नाही. मी म्हटलं, नाही कळला तर नाही. विचारणं आपलं काम आहे.

दोघं विमानाने आली. गेल्या रविवारी दुपारी आम्ही चौघं हॉलमध्ये बसलो. टीव्ही बंद, फोन बाहेर. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, मराठीत, सावकाश. तुम्हाला आता आठवत नाही, मला ऐकू येत नाही, तुम्ही हरवलात तर मला कळणारसुद्धा नाही. एक जागा आहे, जवळ आहे, मी रोज येईन. जाल का?

ते गप्प राहिले. निधीने तोंड उघडलं, मी हाताने थांबवलं. तुझ्या लोकांसारखं बसलो आम्ही, किती वेळ ते देव जाणे. मला तसंही काही ऐकू येत नाही, पण ही शांतता मला वेगळी कळली. काका खिडकीबाहेर बघत होते, मग माझ्याकडे. खूप बघितलं गं त्यांनी माझ्याकडे.

मी ते हो धरलेलं नाही. तुझ्यामुळे एवढं तरी शिकले. त्यांनी होकार दिला असं मी कधीही कुणाला सांगणार नाही. सोमवारी मी त्यांना तिथं नेलं, आणि नेलं ते मी नेलं. त्यांचा टाय मीच बांधला. कुठे जातोय ते वाटेत पुन्हा सांगितलं. रोज जाते. ते उठून उभे राहतात.

जूनमध्ये तुझ्या खिडक्यांतले दिवे गेले की इकडे ये. दोन बायका दोन रिकाम्या घरांत जेवण्यापेक्षा एका घरात जेवू. पापड तू भाजायचे, मला करपल्याचा वास येतो पण उशिरा येतो.

रविवारचं शेवटचं राहिलंच. बराच वेळ गेल्यावर काका उठले. माझ्यापुढे येऊन त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, आठवलं यांना, सभा संपवताहेत. मी हात दिला. त्यांनी तो छान हलवला, दोन्ही हातांत धरला आणि इंग्रजीत विचारलं, मी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं, की तुम्हाला घरी जायला लांब ड्राइव्ह आहे का.

मी म्हटलं, नाही, इथंच राहते.

तुझी,
रत्नामावशी