गावंडे टाइम

अकोला, ५ जानेवारी १९३७

आजपासून रोजनिशी. पुढे कोणा चरित्रकाराला लागेल म्हणून नव्हे. निव्वळ शिस्त म्हणून.

संकल्प : पाचला उठणं. चहा एकदाच. जर्मन शिकणं. रक्तावरचं सगळं चांगलं काम जर्मनांनी केलं आहे आणि आमचे लोक ते इंग्रजीतून उष्टं खातात. जर्मन व्याकरणाचं पुस्तक आलं. भलतंच जाड आहे.

विषय : रक्त गोठतं कसं. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात, रक्तात धागे धरतात, रक्त थांबतं. मला हे ठाऊकच आहे. पण अख्ख्या जुन्या शहरात हे सांगावं असा एक माणूस नाही, म्हणून इथे लिहिलं.

७ जानेवारी

पद्धत सोपी. बोट टोचायचं, काचेवर थेंब घ्यायचा आणि थोड्या थोड्या वेळाने त्यातून सुई ओढायची. सुईबरोबर धागा वर आला की रक्त गोठलं. पुस्तकात सहा-सात मिनिटं दिली आहेत. माझं रक्त : दीड. बायको जमुनाचं : दीड. भाजीवाल्या तानुबाईचं : एक.

निष्कर्ष उघड आहे. वऱ्हाडी माणसाचं रक्त जगात सर्वांत लवकर गोठतं. कारण नंतर शोधू, बहुधा ज्वारी. या वेळेला माझ्या नावाने 'गावंडे टाइम' म्हणावं. पुढे सगळे म्हणतीलच, सुरुवात आपण केलेली बरी.

९ जानेवारी

उठायला साडेसात. थंडी होती.

जमुनाची कटकट. दवाखाना पुढे, घर मागे, आणि त्याच्या मागे कापसाचं जिन. दिवाळीपासून तिथे सरकी काढणं चालू आहे आणि रुई उडते. म्हणाली, "पिठात रुई, वरनात रुई. खिडकी काहून लावत नाही तुमी?" रिसर्चला ताजी हवा लागते हे दर्यापूरच्या चौथी पास बाईला कसं कळणार. खिडकीचा आकडा तुटला आहे, फळी आपोआप मिटते. फटीत जर्मन व्याकरण लावलं. अगदी मापाचं निघालं.

१५ जानेवारी

मोठा दिवस. मायक्रोस्कोपखाली प्लेटलेटांच्या मधोमध लांब, चपट्या, पीळ पडलेल्या फिती दिसल्या. एकाही पुस्तकात नाहीत. रक्त लवकर गोठण्याचं कारण हेच. ज्वारी रद्द. नाव : गावंडे फीत.

नदीपलीकडच्या डॉ. ओमप्रकाशला दाखवणार नाही. मुंबईची डिग्री, टाय, आणि कोणी काही सांगितलं की "असं का?" म्हणण्याची खोड. दाखवलं तर आधी "असं का?" म्हणेल आणि रात्रीच्या टपालाने मुंबईला स्वतःच्या नावावर कळवेल.

२२ जानेवारी

अमरावतीच्या डॉक्टर मंडळींनी माझा पेपर घेतला. २१ फेब्रुवारीला वाचायचा. तिथे बसणारे निम्मे झोपतात आणि उरलेले जेवणासाठी येतात, पण सुरुवात कुठून तरी करावी लागते. मग नागपूर, कलकत्ता, व्हिएन्ना. व्हिएन्नात जर्मन बोलतात. पण पुस्तक काढलं तर हवा बंद होते.

पेशंट कमी झाले आहेत. तानुबाई बाजारात सांगत फिरते की हा डाक्टर खोकल्यालेबी बोट टोचते. अडाणी जात. हिच्याच रक्तावर मी व्हिएन्नाला जाणार आहे, हिला पत्ता नाही.

३० जानेवारी

धाकटा मेहुणा सहदेव दर्यापूरहून आला. दाढ किडली आहे, गाल सुजला आहे. दुसरा कोणी असता तर दोन मिनिटांचं काम. पण सासऱ्यांनी घरात भीती भरवून ठेवली आहे. लहानपणी त्याला बाभळीचा काटा लागला आणि दोन दिवस रक्त वाहत होतं म्हणे. अजून न्हावी त्याच्या दाढीला हात लावत नाही. एवढा बाप्या माणूस कात्रीने दाढी करतो.

माझ्या नकळत जमुनाने त्याला ओमप्रकाशकडे नेलं. तो म्हणाला, मोठ्या दवाखान्याशिवाय आणि रक्त द्यायला माणूस तयार असल्याशिवाय दाढ काढू नका. भित्रा. टाय बांधून हिंमत येत नाही.

मी सहदेवचा थेंब घेतला. दीड मिनिट. सर्वांना धागा दाखवला. जमुना म्हणाली, "एक थेंब पाहून काय सांगता? मी त्याचं रगत पाह्यलं हाय. लुगडं पिळलं होतं मायनं." सायन्सपुढे लुगडं. काय बोलणार.

सहदेव म्हणाला, "भाऊजी म्हनतात त काढून टाका." घरात एक तरी माणूस शहाणा आहे. पेपरला यापेक्षा चांगली केस मिळणार नाही.

२ फेब्रुवारी

सकाळी : दाढ काढली. सुंदर निघाली. बाटलीत ठेवली, अमरावतीला दाखवायला.

दुपारी : रक्त थोडं चालू आहे. स्वाभाविक.

चार वाजता : चालू आहे. तुरटी लावली. बर्फ आणायला माणूस पाठवला.

पाच वाजता : थेंब घेऊन पाहिला. सव्वा मिनिटात धागा. म्हणजे रक्त गोठतं आहे. तोंडात मात्र गोठत नाही. पेशंट तोंड स्थिर ठेवत नाही.

४ फेब्रुवारी

परवाचं आज लिहितो.

संध्याकाळी सासरे खुशालराव दर्यापूरहून आले. जमुनाने मला न विचारता सकाळीच निरोप धाडला होता. सहदेवपुढे थुंकायला ठेवलेलं तस्त अर्धं भरलं होतं आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. सासरे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, मामंजी, काळजी नको, रक्त गोठतं आहे, हे पाहा. थेंब घेतला, सुई ओढली, धागा वर आला.

त्यांनी तो माझ्या सुईवरून काढला. धोतराला पुसला. मग दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून ताणला, बाजारात कापूस पाहताना धरतात तसा, आणि म्हणाले, "जवाई, हे रगत नाही. कापूस हाय. आखूड धाग्याचा."

मी खिडकीकडे पाहिलं. जर्मन व्याकरणावर रुईचा थर बसला होता. माझा बाप कापूस पिकवायचा. त्या घरात कापसाशिवाय दुसरा विषय नव्हता म्हणून मी शिकून बाहेर पडलो. आणि महिनाभर मी सुईने कापूस उचलून त्याला माझं नाव देत होतो.

मला रक्ताची भीती कधी वाटली नव्हती. परवा वाटली. जमुनाने मला बाजूला सारलं, स्वच्छ फडकं घडी करून भावाच्या हिरडीवर दाबलं आणि बैलांच्या दमणीत बसल्यावरही बोट काढलं नाही. मोर्णा नदी ओलांडून आम्ही ओमप्रकाशकडे पोचलो.

ओमप्रकाशने सहदेवचा थेंब काचेवर घेतला आणि वर वाटी पालथी घातली. इतकंच. मग मधूनमधून वाटी जरा उचलून सुई ओढत राहिला. धागा येईना. सासऱ्यांचं रक्त जुळवून सहदेवला दिलं, तेव्हासुद्धा वाटीखालचा तो थेंब पातळच होता. मी त्याला गावंडे फितीबद्दल सांगितलं. त्याने "असं का?" म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

सहदेव वाचला.

६ फेब्रुवारी

अमरावतीला तार : घरात आजारपण, पेपर रद्द. खोटं नाही.

जिनमालकाविरुद्ध कडक अर्ज लिहायला घेतला. शहराच्या मध्ये जिन ठेवतात, रिसर्च कसा व्हायचा. जमुनाने वाचला आणि चुलीत घातला. इतरांचा दोष आहेच, पण सध्या घरात तो विषय काढण्यासारखी परिस्थिती नाही.

बाटलीतली दाढ फेकली.

१८ मार्च

जिन बंद झालं. हंगाम संपला. जुन्या पेटीचे खिळे काढून खिडकीचा आकडा ठोकला आणि जर्मन व्याकरण झटकून कपाटात ठेवलं.

खिडकी लावून, वाटी पालथी घालून स्वतःचं रक्त पाहिलं. सात मिनिटं. पुस्तकात आहे तेवढंच.

सहदेव तब्येत दाखवायला ओमप्रकाशकडे आला होता, तसाच घरी आला. गालावर रंग आला आहे. माझ्या पाया पडला. मला बरं वाटलं. म्हटलं, बाबा, आता काही त्रास? तो खाली पाहत म्हणाला, "थ्या बाजूची बी दाढ दुखून राहिली, भाऊजी." मी हात धुवायला उठलो. तो घाईघाईने म्हणाला, "नाही नाही, बसा तुमी. सहज सांगतलं."

मग आत जाऊन त्याने जमुनाकडे लवंग आणि थोडा कापूस मागितला.