गादीच्या मधोमध डाग

१२ एप्रिल
तक्रार, अत्यंत गंभीर! बोहुशने माझ्या शिळाबागेत उभ्या रोवलेल्या दगडी पट्ट्यांपैकी सातवी वाकडी आहे. सुताराच्या थाटात उजवा डोळा मिटून पाहिलं — मधोमध पोट सुटलंय. शेजारी झाला म्हणून काय झालं?
त्याने लेव्हल आणून टेकवली. बुडबुडा मध्यावर.
"प्रोफेसर, दगड सरळ आहे. तुझं काय ते तूच बघ!"

१५ एप्रिल
सॅक्सिफ्राज, म्हणजे दगडांत गादीसारखं दाट पसरणारं डोंगरी झाड; त्याच्या मोठ्या गादीवर नेहमीसारखा उजवा डोळा मिटून भिंग धरलं. मधोमध तपकिरी डाग. ही झाडं अशीच दगा देतात — कडा हिरव्यागार, आतून कुज. मी हिला लाडाने पाषाणभेद म्हणतो. माझ्या बायकोच्या, ब्लांकाच्या वडिलांनी दिलेलं बोटभर रोप, एकवीस वर्षं जपलेलं. आणि मे महिन्यात हिला प्रागच्या प्रदर्शनात मांडायचं होतं!

१६ एप्रिल
कुज थांबावी म्हणून खडी चाळून चिमटीचिमटीने गादीत भरली.
ब्लांका म्हणाली, "अरे, हिरवीगार तर आहे! रडतोयस कशाला?"
बिचारीला चष्मा बदलायला हवा.

१८ एप्रिल
दुसऱ्या गादीतही डाग. तिसरीतही!

१९ एप्रिल
जीव रमेना म्हणून संस्कृत पुस्तक काढलं. भिंगाखाली शिरोरेखा मध्येच खचलेली. हल्लीचे छापखाने, म्हटलं — मग साल पाहिलं. आजोबांच्या जन्माआधीचं. वीस वर्षं विद्यापीठात हेच पान शिकवलं. तेव्हा ओळ सरळ होती.

२१ एप्रिल
इतर झाडं वाचावीत म्हणून मोठी गादी उपटायला सुरी घेतली. बोहुशने मनगट धरलं.
"येडा झालास का? आधी दाबून बघ. मेलेली असेल तर बोट आत जाईल."
दाबलं. टणक.
"आता डाग दाखव."
मी भिंग डोळ्याला लावून मान वळवली. डागही वळला. गादीवरून दगडावर, दगडावरून बोहुशच्या बुटावर.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने टोमणा मारला नाही. सुरी तेवढी काढून घेतली.

२२ एप्रिल
डावा डोळा झाकला — गादी अख्खी हिरवी. उजवा झाकला — डाग. या पानावरही आहे. ज्या अक्षराकडे पाहावं, नेमकं तेच गिळतो.
गाद्या ठणठणीत आहेत. ब्लांकाला अजून सांगितलेलं नाही. उजवाही गेला तर मला वाचता येणार नाही. त्याची भीती वाटते.