विडी सरेपर्यंत हात मातीत

बाबा,

साष्टांग नमस्कार. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आजच लिहायला बसलो, कारण आज तुमची विडी जिंकली आणि हे सांगायला दुसरं हक्काचं कोणी नाही.

बुलढाण्याला साहेबांच्या बंगल्यावर माळी म्हणून लागलो, तेव्हा किती हसला होतात! जानेफळच्या शेतात जन्मभर कुदळीने हरळी खणणारा बाप, आणि मुलगा हिरवळीसाठी तीच हरळी लावणार. "लोकं हरळी उपटाले मजूर लावतात, अन् तुले लावाले पगार भेटते? साहेब येडा हाय का बे?"

पहिल्या वर्षी साहेबांच्या घाईपायी ऐन पौषात बी पेरलं. एक कोंब वर आला नाही, मुंग्यांची मात्र दिवाळी झाली. पुन्हा असं झालं तर गाव गाठ, असं साहेबांनी बजावलं. मग तुम्ही आलात. भल्या पहाटे चार बोटं माती उकरून तिच्यात मूठ पुरलीत आणि दुसऱ्या हाताने विडी ओढत बसलात. विडी संपल्यावर म्हणालात, "हात गार पडला. हरळी निजूनच हाय. विडी सरेपर्यंत हाताले ऊब राह्यली, का मंग पेर."

होळीनंतर पेरलं आणि माझी नोकरी वाचली. वैऱ्याची इतकी खडान्‌खडा माहिती कशी हो ठेवलीत?

एक तक्रार मात्र आहे. हिरवळ पाहायला आलात आणि बोलता बोलता वाकून मूठभर उपटलीत! "हात आयकत नाही," म्हणालात. ते टक्कल झाकताना माझी काय तारांबळ उडाली. चांगली झाली, असं एकदा तरी म्हणायचं होतं, बाबा.

यंदा नवे साहेब आलेत. मागच्या अंगणात हिरवळ हवी, आणि बियांची पुडी एकच. त्यांच्याकडे मातीत खुपसायची पाऱ्याची नळी आहे. दुपारी पारा पेरणीच्या खुणेवर चढला तसे म्हणाले, "आज ही बो दो." मी विडी ओढत नाही, नुसती पेटवून दगडावर ठेवतो. त्याच पहाटे माझा हात गारठला होता. बी वाया गेलं तर बोल मलाच लागणार होता. भीत भीत म्हणालो, "साहेब, एक बार सुबह देखिए."

दुसऱ्या पहाटे पारा खुणेच्या पार खाली होता. आठ दिवस थांबलो. आज पहाटेच पारा खुणेवर आला, आणि विडी विझली तरी माझ्या हाताला ऊब होती.

"किसने सिखाया?" साहेबांनी विचारलं.

"मेरे बाप ने. वो इसी घास के दुश्मन थे."

साहेब हसले. मला मात्र तुमची फार आठवण आली.

बी पेरून झालं. तिकडे आपल्या शेतातली हरळीही आता जागी होईल. चैत्रात कुदळ घेऊन येतो. तुमच्या रानात तिची काडी उरू देणार नाही, हा माझा शब्द. आधी शेताच्या कडेला धुऱ्यावर विडी पेटवून ठेवीन. ती तुम्ही ओढा, हात मी मातीत घालतो.

हरळीवर पोट भरणारा तुमचा,
गणपत