जमादाराच्या पायात माह्या चपला

पोळा, दिवे लागल्यावर

तोरनाखालून पहिली बैलजोडी कोनाची, यावरून यंदाबी देवराव अन् किसना भिडले. काठ्या निघाल्या. आमचे हे रिटायर जमादार, गुडघे गेलेले, पन गलका ऐकून धावलेच. तेबी माह्या चपला घालून!

मधात उभे राहून म्हनले, "न्या बैलं. पहिले माह्या अंगावरून न्या."

काठ्या खाली आल्या. त्या बायकी चपला पाहून एक मानूस हसला नाही! जलमभर लोकायची भांडनं मिटवली, घरचं जेवन थंडं करून. वर्दी गेली, तरी लोक कसे ऐकतात, बाई?

मंग दोघंबी जोड्या ओवाळून घ्याले आमच्याच दारी. किसना म्हने, "जमादारीनबाई, पहिले कोनाले ओवाळता?"

मी पहिले ह्यायलेच ओवाळलं. चपला पायातच होत्या.