दुसऱ्या मजल्यावरची बोलणी

४ ऑगस्ट, मंगळवार
अखेर दुसरा मजला! कामगार अधिकारी असूनही इतकी वर्षं गेटाशेजारच्या खोलीत काढली. खिडकीबाहेर खिळे पाडणाऱ्या मशीनचा खडखडाट, आत मी. आता गालिचा, फिरती खुर्ची आणि काचेचं जाड दार. लावलं की बाहेर आभाळ कोसळलं तरी आत पत्ता लागत नाही. मुद्दाम मागून घेतलं. लिफ्ट नाही, वर येईपर्यंत धाप लागते. पण पदाला उंची हवीच.

मंगळवार म्हणजे युनियनशी बोलणी करायचा दिवस. सेक्रेटरी आला नाही. सगळा कारखाना त्याला भोंगा म्हणतो. दुसरा मजला बघूनच त्याचा आवाज बसला असणार. सुंठीवाचून खोकला गेला.

शिपायाने सवयीने दोन चहा आणले. दोन्ही मीच घेतले. निश्चय: पुढच्या मंगळवारी एकच.

५ ऑगस्ट, बुधवार
जुन्या खोलीतल्या बोलण्यांची रीत इथे टिपून ठेवतो. भोंगा आला की आधी खिडकी उघडायचा. मग मला शोषक, पाषाणहृदयी, मालकाचा पोपट वगैरे म्हणून टेबलावर मूठ आपटायचा. माझा कप बशीतून उडायचा. खाली अंगणात माणसं खूश. मशीनपाशी राहून सगळ्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडावंही तेवढंच लागतं. मग भोंगा स्वतःच खिडकी लावायचा, हुश्श करून बसायचा आणि विचारायचा, साहेब, साखर बेताची आहे ना? पुढच्या पाच मिनिटांत सगळं मिटायचं. उरलेला तास नातवंडं आणि दाढदुखी.

असला ढिलेपणा आता बंद.

११ ऑगस्ट, मंगळवार
आलाच नाही. चहा दोन आले (शिपायाला सांगायचं राहिलं).

शिपाई म्हणतो, भोंगा हल्ली काठी घेऊन येतो. काठी! म्हणजे मोठ्या लढ्याची तयारी दिसते. सावध राहायला हवं.

विजय झालाय खरा, पण हरलेला माणूस समोर नसला की विजय बेचव लागतो. नाक दाबलं की तोंड उघडतं. जेवणाच्या सुट्टीत माणसं गेटापाशी ज्या बाकड्यावर बसतात ते उचलायला लावलं. दुपारपर्यंत भोंगा तणतणत वर येणार.

संध्याकाळ. माणसं खिळ्यांच्या खोक्यांवर बसून जेवली. एक जण म्हणाला म्हणे, बरं झालं, खोकं हवं तिथे सावलीत ओढता येतं.

१३ ऑगस्ट, गुरुवार
नळावरचा साबण बंद केला. यावर दगडालाही पाझर फुटेल.

माणसांनी लाकडाच्या भुशाने हात धुतले. तेल जास्त चांगलं निघतं म्हणे. धाकट्या मालकांनी फोन करून माझ्या कल्पकतेचं कौतुक केलं. हात दाखवून अवलक्षण.

एवढा अन्याय आणि एकही घोषणा नाही? कामगार चळवळीचं काही खरं नाही.

१६ ऑगस्ट, रविवार
लेकीचा फोन. तिला परिस्थिती समजावली. ती म्हणाली, बाबा, एवढी आठवण येते तर त्यांना घरी चहाला बोलवा की. मी बजावलं की आठवण वगैरे काही नाही, आमचे संबंध औद्योगिक आहेत. ती हसत सुटली. तिची आई गेल्यापासून घरात भांडायला कोणी नाही, म्हणून ऑफिसात उकरून काढता, म्हणाली.

पोरगी लहान आहे. (चाळीस.)

एका माणसाचा स्वयंपाक केला, दोघांना पुरला असता. घरात पूर्ण औद्योगिक शांतता.

१८ ऑगस्ट, मंगळवार
शिपायाकरवी निरोप धाडला: बोलणी करायला या. उलट निरोप आला, साहेबांनाच खाली धाड. उर्मटपणा! अधिकारी खाली उतरला की व्यवस्थापन खाली उतरलं. कायद्याच्या पुस्तकात हे नाही, पण असायला हवं.

खिडकी उघडी ठेवून बसलो. खाली पत्रे दिसतात. पत्र्यावर कावळा. तोही माझ्याकडे बघून उडाला.

निश्चय: चहा अजिबात नाही.
दोन घेतले.

२५ ऑगस्ट, मंगळवार
शिपाई सहज म्हणाला, साहेब, भोंगा काका सोमवारी निवृत्त होणार ना? लेकाकडे दुसऱ्या गावी कायमचे चालले.

मला सांगितलं कोणी? शिपाई म्हणतो, साहेब, कागदावर सही तुमचीच आहे. असेल. सह्या करताना मी वाचत नाही, वेळ वाचतो.

म्हणजे ही चाल आहे. बोलणी अर्धवट टाकून पळ काढायचा! असा सोडणार नाही. सोमवारी खाली जाणार. भेटायला नव्हे, आवाराच्या पाहणीला.

३१ ऑगस्ट, सोमवार
पाहणी केली. अंगणात निरोपसमारंभ चालू होता. बाकडं नसल्यामुळे भोंगा खोक्यावर बसला होता. एक पाय लांब करून, काठी शेजारी. गुडघा भोपळ्याएवढा.

मी आवाज चढवून विचारलं, मंगळवारची बोलणी का चुकवली? तर माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, साहेब, दर मंगळवारी येत होतो की! जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत यायचो, पुढे गुडघा संप पुकारायचा. मग तिथूनच ओरडायचो. शोषक म्हटलं, पोपट म्हटलं, कठड्यावर काठी आपटली. तुम्ही कधी डोकावलाही नाहीत. ऐकू नाही आलं?

माझं दार. मागून घेतलेलं.

मग बाजूच्या माणसाने सांगितलं, आम्हाला रोज वाटायचं आता निकाल लागेल. बाकडं गेलं, साबण गेला, विचारलं की काका म्हणायचे, दम धरा रे, साहेब भला माणूस आहे, बोलणी चालू आहेत.

पाहणीत लिहिण्याजोगं आणखी काही आढळलं नाही.

घरी चहाला या, हे तोंडापर्यंत आलं होतं. पण भोवती सगळे कामगार. तोंडातून निघालं, बाकड्याचा सहानुभूतीने विचार करू. भोंगा म्हणाला, लेखी द्या! सगळे हसले. तोही हसला, मग डोळे पुसले. तेवढ्यात त्याचा लेक गाडी घेऊन आला. बसताना म्हणाला, जपा साहेब, साखर बेताचीच घ्या.

१ सप्टेंबर, मंगळवार
बाकडं आणि साबण सकाळीच परत. युनियनच्या मागणीशिवाय सवलत देण्याची आपली पहिलीच वेळ. उदारपणा.

नव्या सेक्रेटरीबाई तडफदार आहेत. सगळ्या तक्रारी मोबाइलवर पाठवल्या, मी होकार कळवला, त्यांनी अंगठा पाठवला. सगळं नऊ वाजता मिटलं. चहाला बोलावलं तर म्हणाल्या, कशाला सर, काही बाकी आहे का?

काही बाकी नाही.

दार उघडं ठेवून बसलो. चहा आला. एकच. शिपायाला आजच बरं सुचलं. त्याला दुसरा आणायला पाठवलं आणि दोन्ही कप घेऊन जिन्याच्या वळणावर जाऊन बसलो. कठड्याच्या लाकडावर काठीचे वळ आहेत, नवे, एकाच जागी. तिथे मूठ आपटून पाहिली. अख्खा जिना दणाणला. हात चांगलाच लागला.

खालून बाकड्यावरच्या कोणीतरी हाक मारली, काय झालं हो साहेब?

म्हटलं, काही नाही. बोलणी चालू आहेत.